साखरेची कणी आणि डीएनएची डागडुजी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात दिलेली आहे. परसदार उघडलं की समोर ऊसच. त्या घरात चहाला साखर किती, असं पाहुण्याला कुणी विचारत नाही. ती घातलेलीच असते आणि भरपूर असते. या अक्काला तीन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली आणि भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी तिच्या कानावर घातलं, 'कॅन्सर साखरेवर पोसतो. साखर तोडा, म्हणजे तो उपाशी मरेल.' अक्का मुळात हट्टी. तिनं साखर सोडली, गूळ सोडला, मग केळं-चिकू सोडलं, मग भात. शेवटी भाकरीसुद्धा चतकोरावर आली.

मी गेले तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकत होत्या. मी रागावले, तशी ती म्हणाली, "अगं, तू तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलंस ना? मग नीट सांग. साखर पेशीत जाऊन करते तरी काय?"

मी जीवरसायनशास्त्र शिकवत असे. या प्रश्नाचं उत्तर मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. ग्लुकोज जळतं, ऊर्जा मिळते. खाली दोन रेषा. परीक्षेत एवढं लिहिलं तरी गुण पडतात. पण अक्काच्या पुढ्यात बसले असताना मला जाणवलं, की हे उत्तर अर्धंच आहे. राहिलेलं अर्धं तिच्या आजाराशी आणि तिच्या औषधांशी जाऊन भिडतं. आज मी त्या राहिलेल्या अर्ध्याविषयी बोलणार आहे.

आधी डीएनएविषयी थोडं. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. आनुवंशिकतेची पोथीच ती, तेव्हा ती भक्कम असणार, असं पूर्वी गृहीत धरलं जाई. स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात हे गृहीत तपासून पाहिलं. पाण्यात आणि शरीराच्या साध्या उष्णतेत हा रेणू आपोआप झिजतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एका पेशीत दिवसाकाठी हजारो ठिकाणी! ऊन, तंबाखूचा धूर, क्ष-किरण यांची भर निराळीच. कौलारू घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. वादळ झालं नाही तरी कौलं सरकतात, आणि पावसाळ्यापूर्वी ती चाळून घ्यावीच लागतात. पेशीत हे चाळण्याचं काम अष्टौप्रहर चालू असतं. ते कसं चालतं हे उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या तिघांना २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही डागडुजी करणारी प्रथिनं म्हणजे कारागीरच. कुणी खराब तुकडा कापून काढतो, कुणी नवी अक्षरं भरतो, कुणी टाके घालतो. पण ध्यानात घ्या, या कारागिरांच्या हातात धारदार हत्यारं आहेत. चुकीच्या जागी कापलं, किंवा काम संपल्यावरही तिथंच घुटमळत राहिले, तर दुरुस्तीच्या ऐवजी नासधूस व्हायची. म्हणून कुणी यायचं, कुठं थांबायचं आणि केव्हा निघायचं, याचे हुकूम सतत सुटत असतात. पेशीत हुकूम देण्याची रीत अशी, की त्या प्रथिनावर एखादी बारीकशी खूण चिकटवायची. यातली फॉस्फेटची खूण सर्वांत परिचित. तशीच एक खूण साखरेचीही आहे. मात्र ती सापडायला बराच काळ जावा लागला.

प्रथिनांवर साखर असते, हे जुनंच ज्ञान होतं. आपले ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरल्या साखरेतलाच फरक. पण अशी साखर पेशीच्या बाहेरच्या अंगाला असायची, किंवा रक्तात सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांवर. पेशीच्या आत, केंद्रकात, तिचं काम नाही, असं आमच्या वेळच्या पुस्तकांत शिकवलं जाई. १९८४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कारमेन-रोसा टोरेस आणि जेराल्ड हार्ट यांनी पांढऱ्या पेशींवरची साखर शोधायचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या साखरेला पेशीच्या अंगणात गाठायचं होतं, ती बहुतेक सगळी माजघरात निघाली. आणि तीही लांबलचक माळ नव्हे, एकच सुटी कणी!

या कणीचं नाव एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिन. नाव अवघड असलं, तरी चीज ओळखीची आहे. खेकड्याचं कवच याच कणीच्या माळांनी बनलेलं असतं, अळंबीच्या पेशींची भिंतही. खेकड्यात ती हजारोंच्या संख्येनं गुंफली जाते आणि दगडासारखी टणक होते. आपल्या प्रथिनांवर मात्र ती एकेकटी बसते. शिवाय कायमची बसत नाही. लावली जाते, काढली जाते, पुन्हा लावली जाते.

लावतं कोण? ओजीटी नावाचं एन्झाइम. काढतं कोण? ओजीए नावाचं दुसरं. बस्स, दोघंच. फॉस्फेटची खूण लावायला माणसाच्या शरीरात पाचशेच्या वर निरनिराळी एन्झाइमं आहेत, आणि इथं साखरेची कणी आढळलेली प्रथिनं पाच हजारांहून अधिक असूनही लावणारा एक आणि काढणारा एक! अक्काला हे सांगितलं, तेव्हा ती चटकन म्हणाली, "म्हणजे आमच्या पाटकऱ्यासारखं. सगळ्या शिवाराच्या पाण्याच्या पाळ्या एकट्याच्या हातात." वर्गात हा दाखला मला तीस वर्षांत सुचला नव्हता.

गंमत म्हणजे प्रथिनाच्या ज्या जागेवर फॉस्फेट बसायचं, पुष्कळदा त्याच जागेवर किंवा तिच्या शेजारी ही साखर बसते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. साखर आधी बसली, की फॉस्फेट उभं राहतं. फॉस्फेटचा हुकूम मग त्या प्रथिनापर्यंत पोचतच नाही.

ही कणी तयार कशी होते, हे जरा सावकाश पाहू, कारण अक्काच्या प्रश्नाची मेख तिथं आहे. रक्तातून पेशीत आलेल्या ग्लुकोजचा बराचसा भाग जळतो किंवा साठवला जातो. अगदी थोडा हिस्सा वेगळ्या वाटेनं जातो. त्या वाटेवर त्याला ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडून नायट्रोजन मिळतो, ॲसिटिलचा तुकडा मिळतो, जो स्निग्ध पदार्थांपासूनही येतो, आणि शेवटी आरएनएच्या घटकांपैकी एक जोडला जातो. असा तयार झालेला माल ओजीटी वापरतो. म्हणजे एका कणीत स्वयंपाकघरातल्या चारही डब्यांची खबर असते. डबे भरलेले असतील तर कण्या मुबलक होतात आणि प्रथिनांवर जास्त बसतात. पेशीला आपल्या घरात खायला किती आहे, हे कळण्याचा हा एक मार्ग आहे, असं शास्त्रज्ञ मानतात.

मधुमेही श्रोते इथं म्हणतील, हे तर आम्हांला ठाऊक आहे, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसीची तपासणी असते ती हीच. नाही, ती निराळी. हिमोग्लोबिनला रक्तातलं ग्लुकोज जे चिकटतं, ते आपसूक चिकटतं. तिथं लावणारा कुणी नसतो आणि हुकूमही कसला नसतो. मुरंब्याच्या बरणीला बाहेरून पाक लागावा, तसला तो प्रकार. मी सांगते आहे ती कणी मोजून-मापून, ठरावीक जागी लावलेली असते. दोन्हींना लोक 'प्रथिनाला साखर लागणं' असंच म्हणतात, त्यामुळे माझे विद्यार्थीही हमखास घोटाळा करत.

आता या कणीचा डीएनएच्या दुरुस्तीशी संबंध काय? डीएनएचा धागा दुपदरी असतो. दोन्ही पदर एकदम तुटणं ही सर्वांत गंभीर इजा. तसं झालं, की तुटल्या जागेभोवतालच्या एच-टू-ए-एक्स नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटच्या खुणा उमटू लागतात, आणि त्या धाग्यावर दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांपर्यंत पसरत जातात. धोक्याची घंटाच ती. त्या खुणेवर एमडीसी-वन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि घंटेचा आवाज आणखी लांबवर नेतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं, की आपला ओजीटीही या मोडतोडीच्या जागी हजर होतो आणि या दोन्ही प्रथिनांवर साखरेच्या कण्या लावतो. त्यामुळे काय होतं? घंटेचा आवाज आवरला जातो. आग एका खोलीत लागली असताना सगळ्या गावानं बादल्या घेऊन धावू नये, एवढी व्यवस्था ही कणी करते.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएची दोन शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल करणारं नेहमीचं एन्झाइम तिथं येऊन अडतं, जणू गाडी घाटात बंद पडावी. तेव्हा बदलीवर एक खास कारागीर येतो, त्याचं नाव पोल-ईटा. तो त्या चिकटलेल्या अक्षरांवरून नक्कल पुढं नेतो. जन्मतःच हा कारागीर नसलेल्या माणसांना ऊन सोसत नाही, त्यांना त्वचेचे कॅन्सर होतात. म्हणजे माणूस कामाचा आहे. पण त्याची खोड अशी, की सरळ, न बिघडलेल्या डीएनएवर त्याला काम दिलं तर तो चुकांवर चुका करतो. घाट ओलांडून देताच त्यानं उतरलं पाहिजे. त्याला उतरवतं कोण? २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. या प्रथिनात ७१३ अमिनो आम्लांची साखळी आहे. इजा झाल्यावर तिच्यातल्या ४५७व्या कडीवर ओजीटी साखरेची एक कणी लावतो. ती कणी लागली, की पोल-ईटाला त्या जागेवरून हटवणारी यंत्रणा चालू होते. संशोधकांनी ती कणी बसू न देण्याची व्यवस्था केली, तेव्हा पोल-ईटा तिथंच रेंगाळला आणि डीएनएमध्ये चुका वाढल्या. अशा पेशी अतिनील किरणांना आणि सिसप्लॅटिन या कॅन्सरवरच्या औषधाला अधिक बळी पडल्या.

एवढ्या लांबलचक साखळीत एक कणी. तिच्यावाचून कामगाराला घरी जायचा निरोपच मिळत नाही.

ही झाली निरोगी व्यवस्था. पण कॅन्सरची पेशीही याच व्यवस्थेवर जगते, किंबहुना अधिक हावरटपणे. ती ग्लुकोज आणि ग्लुटामिन दोन्ही भराभर ओढून घेते, आणि अनेक प्रकारच्या गाठींमध्ये या कण्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. आता विचार करा. केमोथेरपीतली प्लॅटिनमयुक्त औषधं किंवा रेडिएशन करतात काय, तर गाठीतल्या पेशींचा डीएनए मोडतात. तो मोडलेला डीएनए पेशीनं पटकन सांधला, तर उपचार फुकट. २०१९ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि त्या पेशींच्या गाठी वाढवलेल्या उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. कण्या वाढवल्या, तर गाठी रेडिएशनमधून तगल्या. त्यासाठी एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिन प्राण्यांना नुसतं देणंही पुरलं. उलट ओजीटीला अडवलं, तेव्हा दुपदरी मोडतोड सांधायला उशीर लागला आणि गाठीच्या पेशी म्हाताऱ्या होऊन वाढायच्या थांबल्या.

हे वाचलं तेव्हा मी चरकले. म्हणजे अक्काच्या कानावर घालणारा तो पाहुणा बरोबर होता की काय?

त्याचं उत्तर देण्यापूर्वी अक्काच्या गोळ्यांकडे वळते. केमोथेरपी संपल्यावर, तपासणीत तिच्या बीआरसीए जनुकात दोष आढळल्यामुळे, डॉक्टरांनी तिला ओलापारिब नावाच्या गोळ्या चालू केल्या. योगायोग पाहा, या गोळ्यांचा डावही साखरेशीच जोडलेला आहे, जरी साखर वेगळी. १९६३ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला पिएर शाँबाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेशीच्या केंद्रकात एक अनोळखी साखळी सापडली. तिच्या प्रत्येक कडीत रायबोज ही साखर दोनदा येते. जोडीला ॲडेनिन आणि फॉस्फेटही असतं, म्हणून काटेकोर रसायनशास्त्रज्ञ तिला निव्वळ साखर म्हणणार नाहीत. पण एक कडी दुसरीला साखरेनंच जोडलेली असते, तेव्हा मी आज तिला साखरेच्या पंक्तीला बसवते. डीएनएचा एक पदर तुटला, की पार्प नावाचं प्रथिन काही सेकंदांत तिथं पोचतं आणि स्वतःवर व शेजाऱ्यांवर या कड्यांची माळ विणू लागतं. माळ दोनशे कड्यांपर्यंत वाढू शकते. रेल्वेच्या गँगमननं रूळ तुटल्या जागी लाल बावटा रोवावा, तशी ती माळ दिसताच टाके घालणारे कारागीर धावत येतात. काम होताच दुसरं एन्झाइम माळ तोडून टाकतं.

ओलापारिब पार्पला माळ विणू देत नाही. पार्प तुटल्या जागी नुसता अडकून बसतो. पुढं डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्याच्यावर येऊन आदळते आणि एका पदराची इजा दुपदरी होते. निरोगी पेशी बीआरसीए प्रथिनांच्या मदतीनं ती सांधून घेतात. ज्या गाठीत बीआरसीए निकामी झालेलं असतं, तिला ते जमत नाही आणि ती मरते. ही युक्ती २००५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात मांडली आणि २०१४ मध्ये औषधाला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे साखळीचा शोध लागल्यापासून गोळी हातात यायला एक्कावन्न वर्षं लागली. संशोधनाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या एका पालकांना मी हा हिशेब सांगितला होता. त्यांचं समाधान झालं नाही, तो भाग वेगळा.

आता अक्काचा प्रश्न. मी तिला जे सांगितलं, ते तसंच सांगते.

"अक्का, तू साखर सोडलीस म्हणून रक्तातली साखर संपत नाही. मेंदूलाच दिवसाला सुमारे सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं, तेव्हा शरीर ती संपू देत नाही. तू खाल्लं नाहीस, तर यकृत ती तयार करतं. कशापासून? तुझ्या दंडा-मांड्यांच्या स्नायूंतल्या प्रथिनांपासून. तू उपाशी राहिलीस तरी गाठीला तिचा वाटा मिळणारच होता. तो तुझ्या अंगातून काढून दिला जात होता, इतकंच. बांगड्या बघ."

ती बांगड्यांकडे बघत राहिली. मग मी पुढचं सांगितलं. साखरेची कणी लावणारा ओजीटी एकटा गाठीचा नोकर नाही. ज्या उंदरांत त्याचं जनुक काढून टाकलं, त्यांचे गर्भ जगलेच नाहीत. केमोथेरपीनं तिच्या अस्थिमज्जेतल्या, आतड्यातल्या पेशींचाही डीएनए मोडला होता. त्यांनाही सांधायचं होतं, आणि त्यासाठी चारही डबे हवे होते. ओजीटीला गाठीतच गाठून अडवणारं औषध निघालं, तर फार उत्तम होईल. प्रयोगशाळांत तशी रसायनं आहेत, पण रुग्णासाठी मान्य झालेलं औषध अजून नाही. आणि ताटातली भाकरी कमी करणं, हा त्या औषधाचा घरगुती पर्याय होऊ शकत नाही.

पाहुण्याच्या बोलण्यात खरं मुळीच नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. मधुमेह असलेल्यांनी उपचारांच्या काळात रक्तातली साखर डॉक्टर सांगतील तशी आटोक्यात ठेवावी. त्याची कारणं याहून कितीतरी जुनी आणि पक्की आहेत. आणखी एक. शिकागोचा प्रयोग उंदरांवरचा होता. त्यावरून माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. तरीही गुडघ्यांसाठी म्हणून ग्लुकोसॅमिनच्या गोळ्या पुष्कळजण आपल्या मनानं घेतात. तिचं रसायन या कणीचं सख्खं भावंड आहे. कॅन्सरचे उपचार चालू असताना अशा गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. अक्काच्या उशाशीही एक डबी निघाली. "ते काय औषध आहे होय? ते तर दुखण्यावरचं," असं म्हणून तिनं ती डॉक्टरांना दाखवलीच नव्हती.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला दिवसाचं खाणं लिहून दिलं. भाकरी, भात, डाळ, अंडी, दूध, एखादं फळ. दाजींनी तो कागद देवघराच्या दाराला चिकटवला, कारण अक्काची नजर चुकून राहील अशी ती एकच जागा नाही. दोन-तीन महिन्यांत बांगड्या मनगटावर परतल्या. गोळ्या अजून चालू आहेत. त्यांनी हिमोग्लोबिन उतरतं, थकवा येतो, दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. पुढं काय होईल, हे तिचे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

मागच्या महिन्यात गेले होते. सूनबाईनं चहा आणला. अक्कानं एक घोट घेतला आणि विचारलं, "साखर किती घातलीस गं?"

"एक चमचा."

"उद्यापासून अर्धा घाल. पूर्वीसारखा पाक नको," असं म्हणून तिनं कप बशीत ओतला आणि सावकाश संपवला.